बयम रायरांचा मार्गळी महिना

तंजावूरला थंडी पडत नाही, असं मी एकदा मामांच्या तोंडावर म्हणाले. मी साताऱ्याची. डिसेंबर निम्मा सरला तरी पंखा लावून झोपत होते. मामा माकडटोपी कानांवर ओढून ओसरीत उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बांध कधी फुटत नाही असंच म्हणाले होते.

"अंगाला लागते ती थंडी वेगळी," ते म्हणाले. "हाडाला लागते ती वेगळी. तुझीं हाडं नवीं अहेत. याचीं चौदा वर्षांचीं."

'हा' म्हणजे तंबी. गोधडीवर पाय पसरून पडलेला, लालसर रंगाचा, तोंडावर पांढरा झालेला गावठी कुत्रा. तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

मामा माझे कुणी नव्हते. घरमालक होते. बँकेने माझी बदली तंजावूरला केली, तेव्हा शाखेतल्या एकाने सांगितलं की राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एक मराठी बोलणारे रायर आहेत, त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. इकडे मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. मी पत्ता विचारत गेले, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हसून म्हणाला, "बयम रायर?" बयम म्हणजे भय. अख्ख्या गल्लीने त्यांना हे नाव दिलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या भेटीत मामांनी मला तीन प्रश्न विचारले. पोहता येतं का, झोप गाढ आहे का, आणि खालून कुणी हाक मारली तर माडीवर ऐकू येईल का. नोकरी, गाव, लग्न, यांतलं काहीच नाही. पोहता येतं म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. नदी तिथून कोसभर लांब होती.

सगळी नोकरी त्यांनी कालव्यांवर काढली होती. कावेरीचं पाणी ज्या शेकडो फाट्यांनी भातशेतांत जातं, त्यांतल्या काही फाट्यांचे दरवाजे आणि बांध सांभाळायचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नजर तीच राहिली होती. जगात सगळीकडे त्यांना फुटू पाहणारं काहीतरी दिसायचं. गॅसची चावी ते तीनदा बघत. नारळाखाली कुणाला उभं राहू देत नसत. पाहुण्याला खुर्ची देताना आधी स्वतः बसून बघत. "होईना असं काहीं नसतं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. होणार नाही असं काही नसतं.

आणि ते चिठ्ठ्या लिहीत. कॅलेंडरची जुनी पानं कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर, बारीक अक्षरात, काय झालं तर काय करायचं ते. फ्रिज आमच्या दोघांत एकच होता, खालच्या स्वयंपाकघरात, आणि त्याचं दार या चिठ्ठ्यांनी झाकून गेलं होतं. सगळ्या तमिळमध्ये. मामांचं बोलणं मराठी होतं. आपल्याकडे कुणी आता बोलत नाही असं जुनं, नाकातून येणारं, तमिळ हेल लागलेलं मराठी. पण देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. माझं उलटं. मला तमिळ थोडं समजायचं, वाचायला बसच्या पाट्यांपुरतंही यायचं नाही. फ्रिज उघडताना त्या चिठ्ठ्या मला रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या दिसत.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी कोइम्बतूरला, तमिळ घरात दिलेली. नातवंडांना मराठी कळायचं, बोलता यायचं नाही. तेव्हा मी येईपर्यंत मामा मराठी बोलत ते फक्त तंबीशी. तेही अगदी अदबीने. "उठा. अत्ता डावा पाय. हां. अत्ता उजवा. घाई नको."

मला कुत्र्यांची भीती. लहानपणी साताऱ्यात एकाने पोटरी धरली होती, तेव्हापासून कुत्रा दिसला की माझे तळपाय गार पडतात. राहायला आले त्याच दिवशी मी मामांना विचारलं, "याला बांधून ठेवाल का?"

"नाहीं."

"मी जाता-येताना तरी?"

"दुसरं काय होणा तें सांग," ते म्हणाले. त्यांच्या बोलीत 'पाहिजे'ला 'होणा' म्हणतात, 'सगळ्या'ला 'अस्कं'. "नळ बदलून देतों. जाळी लावून देतों. बांधणं नाहीं."

त्या माणसाने कशाला ठाम नकार दिलेला मी पुढे कधीच ऐकला नाही. सगळ्याला 'पाहूं' असायचं. हा एकच नकार. मग त्यांनी आपल्या परीने तोड काढली. रोज सकाळी नऊला मी जिन्यावरून खाली आले की ते माझ्या आणि तंबीच्या मधे येऊन उभे राहत आणि रस्ता ओलांडून द्यावा तसं मला फाटकापर्यंत नेऊन सोडत. संध्याकाळी परत तेच. तंबी जागचा हलायचासुद्धा नाही. त्याला हलता येत नव्हतं.

मार्गळी लागला की त्याचे सांधे धरत. मार्गळी म्हणजे आपला मार्गशीर्ष-पौष. पहाटे देवळांच्या कर्ण्यांवर गाणी लागतात, बाया दारात तांदळाच्या पिठाच्या मोठमोठ्या रांगोळ्या घालतात, आणि जमिनीलगत धुकं साचतं. त्याला तिथे पनी म्हणतात. मामा पनीला चोराइतके भीत. पहाटे उठून आधी आपला पालथा हात फरशीवर ठेवून बघत. घरात लाल कावेची गुळगुळीत फरशी होती, आरशासारखी. तंबीचे मागचे पाय तिच्यावरून सटकायचे, म्हणून मामांनी घरभर कोरई गवताच्या चटया आणि त्यांच्या खाली गोणपाट अंथरलं होतं. त्याची गादी जमिनीला टेकू नये म्हणून फळीवर. पाण्याचं भांडं उलट्या बादलीवर, मान वाकवावी लागू नये म्हणून. ओसरीच्या दोन पायऱ्यांवर उतरती फळी, तिला काथ्या ठोकलेला. आपला जुना लोकरी स्वेटर कापून त्याला बंडी शिवली होती. वजन वाढलं तर सांध्यांवर भार येतो, म्हणून भात मोजून. फिरायला एकदम लांब न्यायचं नाही. ऊन वर आल्यावर दिवसातून तीनदा, गल्लीच्या टोकापर्यंत.

आणि शेक. लोखंडी तव्यावर जाडं मीठ परतून फडक्यात बांधायचं, आणि ते पुरचुंडं आधी स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर टेकवायचं. "डोळ्याला सोसतं तें सांध्याला सोसतं," असं म्हणून मग तंबीच्या खुब्यावर. दहा मिनिटं. त्यानंतर पाय हातात धरून सावकाश दुमडायचा, सोडायचा, दुमडायचा, सोडायचा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेली अर्धी गोळी जेवणानंतरच. हे सगळं करताना मामांच्या चेहऱ्यावर माया वगैरे दिसत नसे. भीतीच दिसे. बॉम्बची वात काढणाऱ्याने काढावी तसा ते त्या कुत्र्याचा पाय दुमडत.

मला याचं हसू यायचं. खरं सांगते, थोडा रागही यायचा. एवढा घोर कुत्र्यासाठी!

त्या मार्गळीतल्या एका रविवारी मामांना डोळे दाखवायला त्रिचीला जावं लागलं. मोतीबिंदूची तपासणी होती, दोनदा टाळून झालेली. शेजारी कुणी नव्हतं. निघताना ते फाटकातून चारदा परत आले.

"पाणी दे. दुपारीं दहीभात दे, पातळ. उठला नाहीं तर ओढूं नको. शेक देऊं नको, तुला ऊन किती तें कळायाचं नाहीं. काहीं करूं नको. मी येतों."

"बरं."

"काहीं करूं नको," ते पुन्हा म्हणाले, आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा.

रात्री भुरभुर पाऊस झाला होता आणि हवेत ओल होती. दहाच्या सुमाराला तंबीने उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय रोवले, मागचे वर आलेच नाहीत. चटई सरकली आणि तो फरशीवर कुशीवर पडला. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभी. जवळ जायची हिंमत नाही, सोडून वर जाववेना. तो विव्हळला नाही. माझ्याकडे बघून त्याने शेपटी दोनदा हलवली, लाज वाटल्यासारखी. मग पुन्हा प्रयत्न, पुन्हा पडला. असं चार वेळा झालं.

माझ्या पर्समध्ये पाठदुखीच्या गोळ्या होत्या. दिवसभर खुर्चीत बसून माझी कंबर धरायची, तेव्हा एक घेतली की तासाभरात मोकळं वाटायचं. मी विचार केला, दुखणं ते दुखणं. दोन गोळ्या दहीभातात कुस्करल्या, लांब दांड्याच्या डावाने ताटली त्याच्यापुढे सरकवली. त्याने सगळं चाटून खाल्लं.

तासाभरात तो उठला. खरंच उठला, फळीवरून उतरला आणि फाटकापाशी जाऊन उन्हात उभा राहिला. मला इतका अभिमान वाटला! तव्यावर मीठ भाजत बसणाऱ्या म्हाताऱ्याला जे जमलं नाही ते मी दोन गोळ्यांत करून दाखवलं होतं.

तीन वाजता तो ओकला. थोड्या वेळाने पुन्हा. मी लांबूनच पाणी ओतून, फिनेल टाकून ती जागा पुसून घेतली. पाचला मामा आले, चपला काढायच्या आधी तंबीपाशी बसले, त्याचं नाक हुंगलं.

"काय खाल्ला?"

"दहीभात."

"अजून?"

"काही नाही."

हे दोन शब्द का बोलले, याचा मी पुढे खूप विचार केला आहे. ते मला घराबाहेर काढतील असं वाटलं नव्हतं. ते ओरडतील असंही नाही. ते कधी ओरडत नसत. मला भीती वाटली ती त्यांच्या चेहऱ्याची. जे घडू नये म्हणून हा माणूस रात्रंदिवस जागा असतो ते मी घडवलं, हे कळल्यावर तो चेहरा कसा होईल, ते मला बघायचं नव्हतं. आणि कुठेतरी असंही होतं, की दोनदा ओकला, आता बरा होईल. कशाला उगीच?

सकाळी सहाला खाली आले तर मामा फ्रिजपुढे उभे होते. तंबी गादीवर आडवा. तोंडाखालच्या फडक्यावर कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी. मिठाचं पुरचुंडं गार होऊन बाजूला पडलं होतं. मामांचं बोट फ्रिजच्या दारावर एकेका चिठ्ठीवरून सरकत होतं.

"उंदराचं औषध नाहीं," ते स्वतःशीच बोलत होते. "बेडूक नाहीं, अत्ता बेडूक नसतात. कोंबडीचं हाड नाहीं. मग काय की? मग काय की?"

"मामा," मी म्हणाले. "काल मी त्याला गोळी दिली. माझी. पाठदुखीची."

त्यांचं बोट थांबलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तो चेहरा कोरा होता.

"किती?"

"दोन."

"किती वाजतां?"

"साडेदहा, पावणेअकरा."

"पाकीट आण."

मी धावत जाऊन आणलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं, माझ्या हातात परत दिलं, आणि फ्रिजच्या दारावर मधोमध लावलेल्या एका चिठ्ठीवर बोट ठेवलं. सगळ्यात मोठ्या अक्षरांची चिठ्ठी होती ती.

"हें वाचलीस नाहीं?"

"काय आहे?"

"माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याला विष."

मी रोज तीनदा ते दार उघडत होते. दूध घेत होते, ठेवत होते. "मामा, मला तमिळ वाचता येत नाही," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं.

त्यांनी दारावरच्या चिठ्ठ्यांकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "अय्यो. तें मला सुचलं नाहीं." आणि लगेच, "रड मागून. रिक्षा बोलाव."

रिक्षात मामा पुढच्या फळीवर, डॉक्टरीणबाईंना फोन लावत. तेव्हा मागे तंबीला धरायला उरले मीच. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ज्या तोंडाला मी आठ महिने भ्याले ते माझ्या मनगटापासून चार बोटांवर, उघडं, कोमट, वास मारणारं. खड्ड्यात रिक्षा आदळली की त्याचे दात माझ्या हाताला लागत. एकदा त्याचे डोळे मिटले आणि बराच वेळ उघडेनात. मी त्याच्या कानात मराठीत काय काय बोलत होते ते आठवत नाही. इतकंच आठवतं, की त्याने मला चावावं असं मला वाटत होतं. नुसतं चावलं तरी चालेल.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि चिडलेल्या होत्या. तमिळमध्ये, मला कळेल इतक्या सावकाश, त्यांनी सांगितलं, की माणसांच्या या गोळ्यांनी कुत्र्याचं पोट आतून सोलतं आणि किडनी बंद पडते. उठला तो बरा होऊन नाही. दुखणं तेवढं झाकलं गेलं होतं. "काल दुपारीच आणलं असतं तर," असं म्हणत त्या सलाईनची तयारी करू लागल्या. सलाईन लावलं. आता वाट बघायची. लघवी झाली तर किडनी चालू आहे. नाही झाली तर नाही.

मी रजा टाकली. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, समोर जाळीच्या दारापलीकडे तंबी. सोमवार असाच गेला. सलाईनचं पाणी थेंब थेंब आत जात होतं आणि बाहेर काही येत नव्हतं. मामा त्या जाळीकडे असे बघत होते, की एकदाही त्यांची पापणी लवलेली मला दिसली नाही. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. माझ्यासाठी डब्यात इडल्या आणल्या. त्या शांतपणाची मला जास्त धास्ती वाटत होती.

मंगळवारी दुपारी मला राहवलं नाही. "मामा, मला काहीतरी बोला हो."

"काय बोलूं?"

"मी खोटं बोलले. तुम्ही विचारलंत तेव्हाच सांगितलं असतं तर..."

"भिलीस," ते म्हणाले.

"हो."

"मला?"

मी मान हलवली. ते बाकावर पाठ टेकून बसले. मग जाळीवरची नजर न काढता बोलू लागले.

"मी तेव्हां पंचवीस वर्षांचा. ऐपशीचा, दिवाळीच्या दिवसांतला पाऊस. संध्याकाळीं बांधावरून जातां बाहेरच्या अंगाला एक ओला डाग दिसला. एवढा, सुपाएवढा. ओला डाग म्हणजे पाणी आंतून वाट काढतंय. लगेच सांगायाचं असतं. आणि आदल्याच दिवशीं मी असं एक सांगिटलों होतों आणि तें काहीं नव्हतं, तर साहेब अस्क्यांपुढें मला ओरडले होते. भित्रा म्हणाले. म्हणून मी भिलों. सकाळीं पाहूं म्हटलों. सकाळीं बांध नव्हता."

"माणसं?"

"माणसं देवळावर चढलीं. माणसांना अस्कं येतं. एकाच्या गोठ्यांत आठ जनावरं होतीं. पोहतां येतं जनावराला. चांगलं येतं. दावं बांधलेलं अहे तर काय करील?" त्यांनी हाताने आपल्या गळ्याभोवती एक फेरा काढून दाखवला. "पाणी उतरल्यावर मी एकेकाचं दावं सोडलों. तोंपर्यंत सुजून रुतलेलं. कोणी मला काहीं म्हटलं नाहीं. कोणाला ठाऊकच नाहीं. डाग मी एकटा पाहिलों होतों."

मला तंबीला बांधा म्हणून केलेला हट्ट आठवला आणि मान वर करवेना.

"भय वाईट नाहीं, मुली," मामा म्हणाले. "भय सांगायाला असतं. पोटांत ठेवलं कीं कुजतं. अस्के मला बयम रायर म्हणतात. म्हणूं देत. मी त्या दिवसापासून सांगतों. डाग दिसला कीं सांगतों. शंभरांतले नव्व्याण्णव काहींच नसतात, मला ठाऊक अहे."

बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं आणि त्यांचा चेहरा मला आवडला नाही. "बाहेर नेऊन बघा," त्या म्हणाल्या. "उभा राहिला की कधीकधी होते." मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तंबीच्या पोटाखालून घातला; एक टोक त्यांनी धरलं, एक मी. त्याचा मागचा भार आम्ही दोघांनी उचललेला आणि तो पुढच्या दोन पायांवर, असं आम्ही अंगणातल्या लिंबाखाली वाळूत गेलो. उभे राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझे हात भरून आले, पण बदलायचीही भीती वाटत होती. तंबीने वाळू हुंगली. कावळा ओरडला. तंबीने लिंबाचं खोड हुंगलं आणि तिथेच मान घालून थांबला.

आणि मग आवाज आला. आधी बारीक, तुटक, मग सलग धार. मामांचा पाय वाटेत होता. त्यांच्या कमरेच्या धुतलेल्या वेष्टीवर, पावलावर, चपलेत. ते तसूभर हलले नाहीत. कालव्याचा दरवाजा वर चढताना बघावा तसे ते खाली बघत होते, आणि ओठ न हलवता, तंबीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले,

"पाणी सुटलं."

मग ते तिथेच वाळूत खाली बसले आणि टॉवेलचं टोक मलाच दोन्ही हातांनी धरावं लागलं. मी हाका मारून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या पळत आल्या, वाळूतला ओला डाग बघितला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

घरी आणल्यावर मामांनी मला दोन कामं लावली. एक, चिठ्ठ्या. रोज संध्याकाळी ते एकेक चिठ्ठी तमिळमधून मराठीत सांगत आणि मी ती देवनागरीत लिहून तिच्याखाली लावत असे. साप, वीज, गॅस, पूर, पडणं, गिळणं, हरवणं. सगळ्या लावून झाल्यावर त्यांनी एक नवी सांगितली: 'चूक सांगायला कोणी आलं तर ओरडूं नये. किती वाजतां, तें विचारावं.' "ही कुणासाठी?" मी विचारलं. "माझ्यासाठी," ते म्हणाले. "आंतून ओरडलों होतों मी. तुला ऐकूं आलं नाहीं."

दुसरं काम शेकाचं. बँकेत जायच्या आधी उजवा खुबा त्यांचा, डावा माझा. पहिल्या दिवशी मी पुरचुंडं पापणीवर टेकवलं आणि चटका बसून ओरडले, तेव्हा ते म्हणाले, "बघ. हेंच त्याला सांगतां आलं नसतं." मग पाय कसा धरायचा ते दाखवलं, वर ओढायचा नाही, त्याचा तोच जितका येईल तितका येऊ द्यायचा, कण्हला की तिथे थांबायचं. पुढे तंबीच्या गुडघ्यातली ती बारीक करकर मला हाताला ओळखू येऊ लागली. आज जास्त आहे, आज कमी. जास्त असली की दिवसभर कामावर मन लागायचं नाही.

पुढच्या वर्षी माझी मदुराईला बदली झाली. त्यानंतरच्या मार्गळीत एका सकाळी मामांचा फोन आला. तंबी गेला, म्हणाले. शेक झाला, पाय दुमडून झाले, फळीवरून स्वतः उतरला, उन्हात बसला. ते पाण्याचं भांडं भरून आले तेवढ्यात गेला होता. सगळं त्यांनी वेळेनिशी, क्रमाने सांगितलं, कालव्याच्या नोंदीसारखं. मग म्हणाले,

"अत्ता सकाळीं उठून फरशीला हात लावतों. गार अहे. मग काय? असूं दे. गॅस एकदाच बघतों. मला कशाचंच भय होईना, मुली. असं कधीं नव्हतं."

त्या शनिवारी तंजावूरची बस धरली.

फाटक उघडं होतं. मामा ओसरीत बसले होते, टोपी नव्हती, सकाळची पनी अंगावर घेत. मला बघून उठले, पण मी ज्या बसने आले तिचं टायर कसं होतं ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही जेवलो. ते कमी बोलत होते. नारळाखाली खुर्ची टाकून बसले तेव्हा मीच म्हटलं, "मामा, वर बघा." त्यांनी वर बघितलं आणि तसेच बसून राहिले. मला फार भीती वाटली. साताऱ्यात माझे आजोबा असे झाले होते, जाण्यापूर्वी. संध्याकाळी निघताना मी म्हटलं, पोचल्यावर फोन करते. "बरं," ते म्हणाले.

पुदुकोट्टईच्या पुढे बस बंद पडली. दुसरी बस येईपर्यंत दीड तास गेला आणि माझ्या फोनची बॅटरी संपली. मदुराईच्या खोलीवर पोचून फोन चार्जिंगला लावला तर एकामागून एक निरोप खणखणू लागले. मामांचे अकरा कॉल. शाखेतल्या सहकाऱ्याचा निरोप: कोण एक रायर म्हणून आहेत, ते तुमची चौकशी करत आहेत, पाचव्यांदा. मामांच्या मुलीचा कोइम्बतूरहून कॉल. मी फोन लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"कोठें अहेस? बस उलटली काय? लागलं काय? डोक्याला लागलं काय? मला अत्ता सांग, अस्कं सांग, किती वाजतां, कोठें..."

त्यांचा आवाज असा कापत होता, की शब्द एकमेकांवर आदळत होते. तो कापरा आवाज ऐकला आणि माझ्या जिवात जीव आला.